आठवणीतली खोली, कागदावरची खोली

वरळीच्या बीडीडी चाळींत १२१ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांच्या आसपास. मधून लांबच लांब, भर दुपारीही अंधारलेला पॅसेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारे. एकट्या वरळीत साडेनऊ हजारांहून जास्त खोल्या आणि सगळ्यांचा साचा जवळजवळ एकच. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने कामगारांच्या घरांसाठी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, काढले. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या आणि काम तिथेच थांबले.

या चाळींविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या इमारतींचा तात्पुरता तुरुंग झाला होता, त्याविषयी, गिरण्यांविषयी आणि १९८२ च्या संपाविषयी, १९७४ ची दंगल आणि दलित पँथर यांच्याविषयी, जांबोरी मैदानाविषयी. मी त्यांच्याकडे वेगळ्या कारणाने पाहतो. माणूस गोष्टी कशा लक्षात ठेवतो आणि कशा विसरतो, हे शोधणाऱ्याला या चाळींहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे, असे माझे ठाम मत आहे. तिथे लागणारी कसोटी मात्र रुग्णालयातल्या प्रश्नावलीत सापडणार नाही. ती चित्रकाराच्या कागदावर आणि शाहिराच्या गळ्यात आहे. आणि ही प्रयोगशाळा आज पाडली जात आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली टॉवरमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एवढी वर्षे वाट पाहिल्यावर मिळालेल्या त्या घरांचा आनंद मोठा आहे, आणि तो मानूनच पुढचे सारे लिहितो आहे.

स्मृतीच्या अभ्यासातली मुख्य अडचण आधी सांगायला हवी. कोणी आपल्या बालपणीचे घर सांगू लागले, तर ते खरे किती आणि नंतर मनाने रचलेले किती, हे तपासायचे कसे? घर पडलेले असते, सांगणारा एकटा असतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. तिथे बरोबर उत्तर हाताशी असते, पण आयुष्य कोणी याद्यांत जगत नाही. बीडीडीच्या खोलीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. भिंत कुठे, दार कुठे, खिडकी कुठे, मोरी कुठे, हे सरकारी नकाशात आहे. इमारत गेली तरी ते मोजता येईल. आणि त्या चार भिंतींच्या आत तीन-तीन पिढ्यांनी जे मांडले, ते प्रत्येक घराचे वेगळे होते. अशा खोलीचे आठवणीतून काढलेले चित्र म्हणूनच दोन वाटांनी तपासता येते. साच्याचा भाग नकाशाशी ताडून पाहायचा आणि संसाराचा भाग त्याच खोलीत वाढलेल्या भावंडांच्या चित्रांशी.

पण चित्रच का? तोंडी विचारले तर भागत नाही का?

नाही भागत. अमेरिकेत विल्मा बेनब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना खोल्या, रस्ते, बागा यांची छायाचित्रे दाखवली आणि काही वेळाने ती आठवून कागदावर काढायला सांगितली. काढणारे चित्रकार नव्हते, साधे लोक होते. तरीही त्या वेड्यावाकड्या रेघांत वस्तू किती, कुठे आणि केवढ्या, याची माहिती थक्क करण्याइतकी नेमकी निघाली. मुळात नसलेल्या वस्तू फारच थोड्या शिरल्या होत्या. त्याच गटाने पुढे २०२१ मध्ये ज्यांना डोळे मिटल्यावर काहीच ‘दिसत’ नाही अशा माणसांकडून चित्रे काढून घेतली. मनात चित्र न उमटणारी माणसे आहेत, आणि ती आपल्यासारखाच संसार करतात. त्यांच्या कागदावर वस्तू कमी आल्या, रंग कमी आले, पण ज्या वस्तू आल्या त्या जिथल्या तिथे बसल्या. म्हणजे ‘काय होते’ आणि ‘कुठे होते’ या दोन आठवणी मेंदू वेगवेगळ्या सांभाळतो. शब्दांत विचारले असते तर ही फट दिसलीच नसती, कारण आपण बोलताना वस्तूंची नावे घेतो आणि जागा गृहीत धरतो.

मला हे पटले ते एका दुपारी. चाळीतून नुकत्याच टॉवरमध्ये राहायला गेलेल्या एका मावशींना जुन्या खोलीविषयी विचारत होतो. “काय सांगायचं रे, एक तर खोली. इकडं खाट, तिकडं मोरी,” एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. मी कागद-पेन्सिल पुढे केली. “मला कुठं चित्र येतंय?” “चित्र नको मावशी, कोणती वस्तू कुठं होती तेवढं दाखव.” त्यांनी सुरुवात मोरीपासून केली. मोरीच्या कडेला पाण्याचे पिंप, त्यावर उपडा तांब्या, कळशीची जागा, मग स्टो, मग भांड्यांची मांडणी, तिच्या खालच्या फळीवर तांदळाचा डबा. मग पोटमाळ्याची शिडी. पेन्सिल नळापाशी आली तशी त्यांचे उजवे मनगट आपोआप वळले, आणि मग बोलणे सुरू झाले: पाण्याची वेळ, पॅसेजमधली हंड्यांची रांग, कोणाचा हंडा पुढे सरकवला म्हणून झालेले भांडण. कागदावरची मोरी खोलीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढी झाली होती. दार त्यांनी सगळ्यात शेवटी काढले.

त्यांचे दीर शेजारीच बसले होते. त्यांनी दुसरा कागद ओढला आणि दारापासून सुरुवात केली. मोरी त्यांच्या चित्रात एक लहानसा चौकोन. पण खोलीची पुढची भिंत त्यांनी ओढलीच नाही. रेघा दाराबाहेर पॅसेजमध्ये गेल्या, समोरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. मी म्हटले, “काका, खोली इथं संपते ना?” ते म्हणाले, “मग आम्ही झोपायचो कुठं?”

या एका उत्तरापाशी मी बराच रेंगाळलो आहे. हेलेन इन्ट्रॉब आणि मायकल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले होते की छायाचित्र आठवून काढताना लोक त्याच्या कडा बाहेर सरकवतात आणि फोटोत नसलेला भाग जोडतात. नंतरच्या संशोधनात काही चित्रांच्या कडा उलट आत सरकतानाही दिसल्या. शास्त्राच्या भाषेत ही स्मृतीची चूक. काकांचा कागद एखाद्या परक्या संशोधकाच्या हाती पडला असता, तर त्यानेही तिची नोंद चूक म्हणूनच केली असती. पण चाळीत पुरुष आणि पोरे रात्री पॅसेजमध्येच पथारी टाकत. काकांची खोली खरोखरच तिथवर होती. चूक कोणती आणि जगलेले सत्य कोणते, हे नुसत्या नकाशावरून कळत नाही. ते ओळखायला काढणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते, रेघ कुठे थबकली, कुठे खोडली, कुठून सुरू झाली हे पाहावे लागते. चांगला चित्रकार हे आयुष्यभर करत आलेला असतो. म्हणून या कामात चित्रकार शास्त्रज्ञाच्या बरोबरीने हवा. सजावट करायला त्याला शेवटी बोलावून काही उपयोग नाही.

मेंदूविज्ञानाच्या इतिहासात ही जोडी नवी नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवी आठवण त्याच्यापाशी टिकेना. आत्ता भेटलेला डॉक्टर थोड्या वेळाने त्याला अनोळखी होई. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक चांदणी गिरवायला दिली, पण हाताकडे न पाहता, फक्त आरशात बघून. हे कोणालाही अवघड जाते. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो म्हणे की हे मी पहिल्यांदाच करतो आहे. हाताची आठवण आणि प्रसंगाची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका चांदणीच्या रेखाटनाने सिद्ध केले. मला त्याहून विलक्षण वाटते ती दुसरी हकिगत. १९५८ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर, मोलेसन ज्या घरात राहायला गेला, त्या घराचा नकाशा त्याने पुढे बरोबर काढून दाखवला. तिथे घडलेले प्रसंग त्याला सांगता येत नव्हते, पण रोज त्याच खोल्यांतून वर्षानुवर्षे चालून घराची मांडणी मेंदूत उरलेल्या भागांनी हळूहळू साठवली होती. चाळीत वीज गेलेल्या रात्री हात भिंतीला न लावता पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मिलानची गोष्ट तर चाळीच्या पॅसेजसाठीच केल्यासारखी आहे. १९७८ मध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांना शहरातला कॅथीड्रलचा चौक आठवायला सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा, म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग म्हटले, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट बघा. आता मघाशी गाळलेल्या इमारती उजवीकडे आल्या, त्या सांगितल्या गेल्या. आणि मघाशी सांगितलेल्या सगळ्या गळल्या. आठवण पुसली गेली नव्हती, तिच्या डाव्या अर्ध्याकडे लक्षच वळत नव्हते. समोरासमोर दहा-दहा दारांच्या पॅसेजमध्ये पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला अर्धांगाचा झटका आला, तर त्याच्याकडून जिन्यापाशी उभे राहिल्याची कल्पना करवून दारे काढून घ्यावीत, मग दुसऱ्या टोकाकडून. प्रत्येक दारामागच्या बिऱ्हाडाचे आडनाव त्याला एके काळी तोंडपाठ होते. अशी चाचणी परदेशातून मागवलेल्या छापील तक्त्याहून त्याच्या मेंदूविषयी जास्त सांगेल.

आजारी पडलेला माणूस स्वतःच कलावंत असेल, तेव्हा दिसणारे चित्र आणखी गुंतागुंतीचे असते. लॉनी सू जॉन्सन या ‘न्यूयॉर्कर’ची मुखपृष्ठे काढणाऱ्या चित्रकार. २००७ च्या अखेरीस विषाणूजन्य मेंदूज्वराने त्यांचे हिप्पोकॅम्पस जवळजवळ नष्ट केले. पूर्वायुष्यातले प्रसंग गेले, नवे टिकेनात. त्यांची आई स्वतः चित्रकार. तिने शेजारी बसून, साधे आकार पुढे ठेवून, लेकीचा हात पुन्हा कागदाकडे वळवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बार्बरा लँडाऊ आणि मायकल मॅक्लोस्की यांच्या गटाने त्यांचा अभ्यास केला. जगाविषयीची सर्वसाधारण माहिती, त्यात प्रसिद्ध कलावंतांविषयीची माहितीही आली, मोठ्या प्रमाणात नाहीशी झाली होती. पण जलरंग कसा लावायचा, कुठे काय सांभाळायचे, हे त्या नुसत्या हाताने करून दाखवत नसत, शब्दांतही नीट सांगत. मोलेसनच्या चांदणीपासून आपण धरून चाललो होतो की कसब हातात असते आणि माहिती डोक्यात. जॉन्सनबाईंनी त्या विभागणीला तडा दिला: कसबाच्या आधाराने राहिलेली माहिती वेगळ्या वाटेने वाचते. हे कळायला शास्त्रज्ञाला चित्रकाराचीच गरज पडली, कारण शब्दांच्या यादीत जलरंग नसतो.

इथे एक इशाराही द्यायला हवा. लंडनमध्ये राहणारे विल्यम यूटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले आणि पुढची काही वर्षे ते स्वतःची चेहराचित्रे काढत राहिले. चेहरा विरत गेला, जागेचा ताळमेळ सुटत गेला. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ने ती मालिका छापली. ती पाहताना गलबलून येते, आणि म्हणूनच जपून पाहायला हवी. प्रत्येक तुटक रेघ म्हणजे तुटलेली पेशी नव्हे. त्यात भीती आहे, राग आहे आणि त्या माणसाने जाणूनबुजून केलेली निवडही आहे. चित्रावरून रोग ओळखण्याची घाई करणाऱ्यांचा मला धाक वाटतो. मावशींची मोठी मोरी पाहून कोणी त्यांच्या मेंदूचे मोजमाप सांगू लागला, तर त्याने आधी चार दिवस हंडे भरावेत.

आपल्याकडे या दोन विद्या एका माणसात नांदल्याचे उदाहरण आहे. सुधीर पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले आणि त्याच वर्षांत त्यांनी लोकल, इराणी हॉटेल, लोअर परळ, कामगारांची शरीरे रंगवली. दिवसा माणसाच्या आतली सावली वाचायची आणि उरलेल्या वेळात तोच माणूस रस्त्यावर कसा उभा राहतो ते पाहायचे. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या २००१ च्या ‘साचा’ या माहितीपटात पटवर्धन आणि कवी नारायण सुर्वे एकत्र येतात. गिरणगाव संपत असताना त्याची आठवण चित्रात आणि कवितेत कशी धरली जाते, हे त्यात दिसते. अलीकडचे नाव अमोल पाटील यांचे. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार. त्यांच्या शिल्पांत आणि ध्वनिरचनांत चाळ येते, बीडीडीच्या भिंती येतात, श्रमाने घडलेले हातपाय येतात. ते काम २०२२ मध्ये कास्सेलच्या ‘डॉक्युमेंटा’त आणि २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत मांडले गेले. जगाने ते कला म्हणून पाहिले. स्मृतीच्या अभ्यासकाने तेच एक गृहीतक म्हणून पाहावे: आठवण डोक्याबाहेर, भिंतीच्या पोपड्यात, पायाखालच्या फरशीतही ठेवलेली असते का? घर पाडल्यावर माणसाची किती आठवण त्याच्याबरोबर टॉवरमध्ये चढते?

चित्राइतकाच गळाही महत्त्वाचा, आणि या बाबतीत आपण स्वतःच्या ठेव्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते त्यांना वाचता आले नाही. तरुणपणी, त्या शरमेपोटी, ते अक्षर शिकले. पुढे त्यांची भीमगीते महाराष्ट्रभर पसरली, आणि त्यांतली कितीतरी वही न उघडता गाणारी माणसे आजही जयंतीच्या रात्री वरळीत भेटतात. डेव्हिड रुबिन यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात मौखिक परंपरांच्या स्मृतीची उकल केली आहे: लय, यमक, डोळ्यांपुढचे चित्र आणि अर्थ हे चारही एकाच वेळी पुढच्या शब्दाला घेरतात, म्हणून तो शब्द निसटत नाही. २०१६ मध्ये जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूची चित्रे घेतली आणि मेंदूच्या अनेक भागांत ग्रे मॅटर इतरांहून अधिक असल्याचे दिसले. अभ्यास मोलाचा आहे. पण तेच यंत्र शाहिराला, भीमगीते गाणाऱ्याला, जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेल्या बाईला का लावू नये? हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायका कुठल्याही पाठशाळेत बसल्या नव्हत्या. अक्षरशः घोकून राखलेले पाठांतर आणि गाता गाता थोडे बदलत जिवंत राहणारे गाणे या स्मृतीच्या दोन वेगळ्या जाती असाव्यात. त्यांतली एकच तपासून माणसाच्या स्मरणशक्तीविषयी निष्कर्ष काढणे अपुरे आहे, आणि अन्यायाचेही आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणखी एक साधी गोष्ट दाखवली: एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढले, कितीही कच्चे असो, तर तो जास्त लक्षात राहतो. चित्र काढताना डोळा, हात आणि अर्थ तिघेही कामाला लागतात. म्हणजे चाळकऱ्यांकडून खोल्या काढून घेणे ही नुसती तपासणी राहत नाही, काढणाऱ्याच्या पदरातही काही पडते. म्हाताऱ्या माणसाला ‘आजचा वार सांगा’ म्हणून परीक्षेला बसवण्यापेक्षा ‘तुमची खोली दाखवा’ म्हणणे कितीतरी सन्मानाचे आहे.

पुढची प्रकरणे याच कामाची तयारी म्हणून वाचावीत. ती मेंदूच्या रचनेची ओळख करून देतील, स्मृतिभ्रंशाविषयी सांगतील, चित्रे आणि गाणी कशी तपासली जातात ते दाखवतील. परळचे केईएम रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय एकाच शहरात आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शेवटच्या इमारती उभ्या असेपर्यंत हे हाती घेतले, तर उत्तम. पण कोणत्याही घरात आजही सुरुवात करता येईल. कोरा कागद द्यावा, पट्टी आणि खोडरबर देऊ नये. मजला कोणता, खोली पॅसेजच्या कोणत्या अंगाला, तिथे किती वर्षे काढली आणि चित्र काढतानाचे वय किती, हे कागदाच्या मागे लिहावे. भावंडांनी एकमेकांचे कागद आधी पाहू नयेत. आणि काढणाऱ्याने पहिली रेघ कशाची ओढली, दुसरी कशाची, हे शेजारी बसणाऱ्याने क्रमाने टिपून ठेवावे. पुरे झालेल्या चित्रावरून तो क्रम नंतर कोणालाच शोधता येत नाही.